४२९४९६७२९७ : एवढ्या एका आकड्याला रविवारी पाव पान द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२४ मधे आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी मूळ संख्या (जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती) सापडली, २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. त्याच्या ज्या बातम्या माझ्या वाचनात आल्या त्यात काय होतं तर तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत, लिहायला घेतली तर किती पानं लागतील, आणि संपलं. एका ठिकाणी तर घाताचा वरचा छोटा आकडा छापताना खाली आला होता त्यामुळे २ च्या पुढे सरळ ते सगळे अंक चिकटले आणि वजा एक. म्हणजे ज्या संख्येची बातमी ती संख्याच बातमीत नव्हती! आणि तेव्हाही आणि आजही रविवारच्या पुरवणीत मूलांक, भाग्यांक, कुठल्या तारखेला जन्मलेल्याने कुठला रंग घालावा याला मात्र अर्धं पान मिळतं. मी मिरजेत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, पोरं पेपर वाचतात, आणि त्यांना आकड्यांविषयी पेपरातनं जे मिळतं ते फक्त हे दोन, एक म्हणजे केवढा मोठा आणि दुसरं म्हणजे शुभ का अशुभ. आकड्याच्या आत काय असतं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण कापाकापी करायची असली तर कृपया गणित कापू नका, बाकीचं कापा.

एकच आकडा घेते. ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

हा कुठून आला ते आधी बघू. ३ घ्या. त्यातनं १ वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा, १ मिळवा, झाले ५. परत तेच, ४ चा वर्ग १६ अधिक १, १७. मग १६ चा वर्ग अधिक १, २५७. मग २५६ चा वर्ग अधिक १, ६५५३७. आणि मग ६५५३६ चा वर्ग अधिक १ केला की आपला आकडा, म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत. फ्रान्समधे तुलूझला कोर्टात काम करणारा फर्मा, गणित हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता, त्याने १६४० मधे मित्रांना पत्रातनं कळवलं की मला वाटतं या माळेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, फक्त सिद्धता जमत नाहीये. जवळजवळ नव्वद वर्षं हे तसंच राहिलं. मग १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख नावाच्या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहितीये का, ऑयलर तेव्हा रशियात पीटर्सबर्गला होता, विशी उलटलेला पोरगाच, आणि १७३२ पर्यंत त्याने दाखवून दिलं की आपला हा सहावा आकडा मूळ नाहीच. ६४१ ने त्याला भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७ बरोबर ४,२९,४९,६७,२९७. पेन हातात असेल तर आत्ताच करून बघा, ६०० ने ४,०२,०२,५०,२००, ४० ने २६,८०,१६,६८०, आणि १ ने ६७,००,४१७, तिन्हीची बेरीज करा.

आता खरी गंमत पुढे आहे आणि माझं म्हणणं हेच की पेपरात हे यायला हवं. कुठलीही संख्या मूळ आहे का बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. इथे वर्गमूळ ६५५३६ च्या एक केसभर पुढे, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत ६५४२. दिसायला धडकी भरते, पण ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, म्हणजे फर्माने २, ३, ५, ७ पासून नुसतं भागत बसायचं ठरवलं असतं तरी ११६ व्या भागाकाराला काम झालं असतं. आणि त्यातले सोपे सोपे वगळले तर आणखी कमी. माझ्या क्लासमधल्या चार पोरांनी वाटून घेतलं तर एका दुपारचं काम आहे. फर्माएवढ्या माणसाकडून हे का राहिलं याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच्याकडे तर ११६ भागाकाराचीही गरज नव्हती, त्याने स्वतःच शोधलेला नियम वापरला असता तरी पुरलं असतं.

तो नियम असा. २, ४, ८, १६ असं दुप्पट दुप्पट करत जा आणि दर वेळी एखाद्या विषम मूळ संख्येने भागून फक्त बाकी लिहा. १७ ने करून बघू. २, ४, ८, १६, मग ३२ ची बाकी १५, मग १३, मग ९, मग १. आणि १ आला की परत २, ४, ८ सुरू. म्हणजे आठ पायऱ्यांची एक चक्कर. फर्माचा नियम म्हणतो की चक्कर जेवढ्या पायऱ्यांची तेवढ्याने (मूळ संख्या वजा १) ला पूर्ण भाग जातोच, इथे १६ ला ८ ने जातो. आता समजा एखाद्या मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातोय, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ ची बाकी शून्य, म्हणजे ३२ व्या पायरीला बाकी त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी, म्हणजे वजा १ च म्हणा, आणि वजा एकचा वर्ग एक म्हणून ६४ व्या पायरीला बाकी १. चक्कर ६४ ला पूर्ण होते पण ३२ ला होत नाही, म्हणजे ती बरोब्बर ६४ पायऱ्यांचीच. मग ती मूळ संख्या वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. झालं! आता ६४ च्या पाढ्यात एक एक मिळवत जायचं, ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१, यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर. ६५४२ उमेदवार होते त्यातनं चाळणी लावली आणि पाचव्या प्रयत्नाला हातात आलं, ऑयलरने नेमकी हीच वाट धरली होती. पुढे १८७८ मधे ल्यूका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ नाही, १२८ चाच पाढा घ्या, तेवढाही चालतो. मग उरतात २५७ आणि ६४१ एवढेच, आणि २५७ ने भागलं तर बाकी २ उरते हे तोंडी निघतं कारण २ चा आठवा घात २५६, म्हणजे बाकी वजा १, सोळावा घात १, बत्तिसावा १, अधिक १. म्हणजे खरा भागाकार एकच करायचा राहतो.

आणि ज्यांना हे चक्करवालं प्रकरण जड वाटेल त्यांच्यासाठी ६४१ ने भाग जातो याची आणखी एक सिद्धता आहे, ती नववीच्या सूत्रात बसते. मला ती फार आवडते. ६४१ ला दोन तऱ्हेने लिहा. एक, ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, म्हणजे ५ गुणिले २ चा सातवा घात. दोन, ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता ६४० चा चौथा घात वजा १ घ्या, वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र दोनदा लावलं की त्याचे अवयव पडतात (६४० चा वर्ग अधिक १), (६४० अधिक १) आणि (६४० वजा १). मधला कोण? ६४१. म्हणजे याला ६४१ ने भाग जातो. आणि ६४० चा चौथा घात म्हणजे काय, तर ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात. हे बाजूला ठेवा. आता ६४१ ला सरळ २ च्या २८ व्या घाताने गुणा, येईल ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, अधिक २ चा ३२ वा घात. यालाही ६४१ ने भाग जातोच, गुणूनच तर मिळवलंय. दोन्हीची वजाबाकी करा, मोठी भानगड दोन्हीकडे सारखी म्हणून उडून जाते आणि उरतो २ चा ३२ वा घात अधिक १. भाग गेला! एकही लांबलचक भागाकार न करता, दहा अंकी आकडा न लिहिता. संपादक साहेब, ही आख्खी सिद्धता तुमच्या भविष्याच्या एका राशीएवढ्या जागेत बसते.

दुसरा अवयव ६७,००,४१७, तो मूळ आहे का? पाऊण कोटीच्या जवळचा आकडा, पण त्यालाही तीच १२८ च्या पाढ्याची चाळणी लागते कारण त्याला भाग जाणाऱ्या संख्येने आपल्या मोठ्या आकड्यालाही भाग जाणारच. वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे, तिथपर्यंत १२८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या फक्त पाच, २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. भागून बघितलं तर बाकी येते १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकातही शून्य नाही म्हणजे मूळ. सत्तर लाखाच्या आतबाहेरची संख्या मूळ आहे हे पाच भागाकारात खात्रीने सांगता येतं, हे मी पोरांना करायला देते तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण त्यांना कोणीतरी सांगितलं म्हणून नाही तर त्यांनी स्वतः बघितलं म्हणून ते पटलेलं असतं.

अजून एक वर्गांचं सांगायचंय. आपला आकडा ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, हे तर जन्मापासूनच आहे. पण तो ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग सुद्धा आहे! ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१, बेरीज करून बघा. आणि तो २०४४९ सुद्धा परत १४३ चा वर्ग. ४ ने भागून १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येते, पण एकाच तऱ्हेने, दुसरी तऱ्हा सापडली की समजायचं ही मूळ नाही. इतकंच नाही, त्या दोन तऱ्हांमधनं अवयव पण काढता येतो. सम सम जोडी घ्या, ६५५३६ आणि ६२२६४, वजाबाकी ३२७२, बेरीज १,२७,८००. विषम जोडी २०४४९ आणि १, वजाबाकी २०४४८, बेरीज २०४५०. दोन वजाबाक्यांचा मसावि ८, दोन बेरजांचा मसावि ५०. निम्मे करा, ४ आणि २५. वर्ग करून मिळवा, १६ अधिक ६२५... ६४१. मसावि सहावीत शिकवतात आणि तो कशाला शिकायचा हे कोणी सांगत नाही, हे बघा कशाला.

लंडनमधे १८१२ साली अमेरिकेतनं आलेल्या झेरा कोलबर्न नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला लोकांसमोर हाच आकडा विचारला होता, मूळ आहे का म्हणून, आणि त्याने तोंडी ६४१ सांगितला अशी नोंद आहे. पण मला त्या मुलापेक्षा ऑयलरचं कौतुक जास्त आहे कारण ऑयलरची रीत तुम्हाला मला येऊ शकते, त्या मुलाचं डोकं काही येऊ शकत नाही. आपल्याकडे टीव्हीवर जे ह्यूमन कॅल्क्युलेटर आणि झटपट गुणाकाराच्या ट्रिकांचे क्लास दाखवतात त्यात हाच प्रॉब्लेम आहे, टाळ्या मिळतात पण का ते कळत नाही.

शेजारी सुद्धा मोठे लोक आहेत या आकड्याचे. पहिल्या पाचांचा गुणाकार करा, ३ गुणिले ५ गुणिले १७ गुणिले २५७ गुणिले ६५५३७, उत्तर ४,२९,४९,६७,२९५, आपल्यापेक्षा बरोबर २ ने कमी. माळेत कुठेही हेच होतं, मागच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढचा. त्यामुळे या माळेतल्या कुठल्याही दोघांना सामाईक अवयव असूच शकत नाही (असला तर त्याने २ ला भाग जायला हवा, आणि हे सगळे विषम). म्हणजे प्रत्येकाकडे स्वतःचा वेगळा मूळ अवयव आहे, माळ तर संपत नाही, म्हणून मूळ संख्याही संपत नाहीत. गोल्डबाखने हे १७३० मधे ऑयलरला लिहून पाठवलं होतं. आणि गाउस या जर्मन गणितज्ञाने १७९६ मधे, एकोणीस पूर्ण व्हायच्या आधी, दाखवलं की कंपास आणि बिनमापाची पट्टी घेऊन १७ बाजूंचा समभुज समकोन बहुभुज काढता येतो, त्याचं कारण पण याच माळेत आहे. माहिती असलेल्या पाच मूळ संख्यांमधनं विषम बाजूंचे असे ३१ बहुभुज निघतात आणि त्यातला सगळ्यात मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. कागदावर तो कोणी काढणार नाही, पण काढता येतो हे सिद्ध आहे.

एकने कमी घेतला, ४,२९,४९,६७,२९६, की तो तुमच्या आमच्या घरातला. बत्तीस बिटमधे एवढ्याच वेगवेगळ्या गोष्टी मांडता येतात, म्हणून जुन्या बत्तीस बिटच्या कॉम्प्युटरला ४ जीबीच्या वर मेमरी लावून फारसा उपयोग नसायचा, आणि जुन्या पद्धतीचे इंटरनेट ॲड्रेस पण एवढेच, त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मधे वाटून संपला. आणि ६५५३७, आपल्या आधीचा, तो आज वेबसाइटच्या कुलपाच्या किल्लीत बऱ्याच ठिकाणी बसलेला असतो.

फर्माचं म्हणणं पुढे इतकं फसलं की माळेतले आपल्या आकड्यापासून पुढचे सलग अठ्ठावीस, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १ पासून ते अब्जाच्या वर अंक असलेल्यापर्यंत, एकही मूळ निघाला नाही. त्यानंतरचा, ज्यात अडीच अब्जापेक्षा जास्त अंक आहेत, त्याचं अजून कोणालाच माहिती नाही. काहींचं तर असं आहे की ते मूळ नाहीत हे सिद्ध झालंय पण एकही अवयव हातात नाही, हे कसं शक्य आहे हाच एक रविवारचा लेख होईल.

आता मूलांकवाल्यांकडे येते. आपल्या आकड्याच्या अंकांची बेरीज ५९, मग १४, मग ५. ५ म्हणजे बुध, व्यापाराला चांगला वगैरे तुमच्या कॉलममधे येईल. खरं काय आहे, तर अंकांची बेरीज करत करत एक अंक उरवणं म्हणजे ९ ने भागून बाकी काढणं, एवढंच. दशक, शतक, हजार सगळ्यांची ९ ने बाकी १ येते म्हणून अंकांची नुसती बेरीज चालते. हे इतकं सुंदर आणि कामाचं आहे, गुणाकार बरोबर आला का ते याने तपासता येतं, ६४१ ची बाकी २, ६७,००,४१७ ची ७, दोनी साती चौदा, परत ५, जुळलं. तेच घेऊन त्यावर ग्रह चिकटवायचे आणि जे खरं आहे ते सांगायचंच नाही याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

वाचकांना झेपणार नाही असं कृपया म्हणू नका. सुडोकू रोज येतो, लोक एसटीत गुडघ्यावर पेपर ठेवून सोडवतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर सर याच महाराष्ट्रातले, १९४९ मधे त्यांनी ६१७४ चं (सगळे अंक सारखे नसलेला कुठलाही चार अंकी आकडा घ्या, त्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतो) शोधून काढलं ते हाताने वजाबाक्या करून करूनच, ना लॅब ना ग्रँट. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं दहं शतं पासून परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १७ शून्यांपर्यंत, स्थानांची नावं दिली, ती आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तोंडपाठ असायची. मोठ्या आकड्यांची आपल्याला भीती नाही, फक्त ते आत उघडून दाखवणारं कोणी नाही.

तर विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत पाव पान एका आकड्याला द्या. एका वेळी एकच. त्याच्याविषयी जे छापाल त्यातलं निदान एक वाचकाला पेनाने तपासता येईल असं पाहिजे, आणि ते का खरं आहे ते पूर्ण पाहिजे, 'गणितज्ञांच्या मते' नको. घात छापताना वरचा आकडा वरच राहील हे डीटीपीवाल्यांना एकदा सांगा, जमत नसेल तर मी वर लिहिलंय तसं शब्दात लिहा, २ चा ३२ वा घात. स्वल्पविराम आपल्या लाख कोटीच्या जागी द्या. उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं छापा, पोरं त्याच्यासाठी जीव टाकतील.

पहिल्या रविवारसाठी सुचवते, ६१७४ नको, तो बऱ्याच जणांना माहितीये. याच माळेतला पुढचा घ्या, १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. त्याचे अवयव १८८० मधे लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने वयाच्या ८२ व्या वर्षी काढले, २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. इथे पाढा २५६ चा लागतो, आणि २५६ गुणिले १०७१ अधिक १ किती येतात ते कोड्यात विचारा.

आपली वाचक,
एक शिक्षिका, मिरज